सपाट आलेख आणि सौंदत्तीची जत्रा: मोबाइल डेटाचं ट्रॅफिक मॉडेल कसं बांधायचं

पौर्णिमेला बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर माणूस मावत नाही, तेव्हा तिथल्या सेलचा, म्हणजे टॉवरच्या एका पट्ट्याचा, डेटा-आलेख ठरलेल्या वळणाने जातो. पहाटेपासून चढतो, एका उंचीला टेकतो आणि मग रात्रीपर्यंत ताटासारखा सपाट. नवखा इंजिनिअर त्या उंचीचा आकडा उचलतो आणि अहवालात 'कमाल मागणी' म्हणून लिहून मोकळा होतो. तो आकडा मागणीचा नसतो, सेलच्या दमाचा असतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या येतच असतात, फोन खिशातून निघतच असतात, पण नळाला जेवढं येतं तेवढंच हंड्यात पडतं. हंडा मोजून तहान कळत नाही.

ट्रॅफिक मॉडेल म्हणजे माणसं नेटवर्ककडे डेटा कसा आणि किती मागतात याचा गणिती आराखडा. तो बांधताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. नेटवर्कने जे जाऊ दिलं ते मोजायचं, त्यालाच माणसाची सवय समजायचं, आणि त्यावरून पुढच्या वर्षीचं नेटवर्क आखायचं. मग पुढच्या वर्षीही आलेख सपाटच.

म्हणून पहिलं काम म्हणजे माहितीतले दाबलेले तुकडे वेगळे काढणं. काउंटर, म्हणजे नेटवर्क आपोआप ठेवतं त्या मोजणीच्या नोंदी, साधारणपणे १५ मिनिटांचे असतात. त्या १५ मिनिटांत तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो तुकडा दाबलेला समजावा: पीआरबीचा (सेलची रेडिओ-क्षमता ज्या कप्प्यांत वाटली जाते त्यांचा) वापर ९५ टक्क्यांच्या पुढे, जोडलेल्या फोनांची संख्या अजून चढती, आणि दर फोनाला मिळणारा वेग उतरता. असे तुकडे सवयी शोधायला वापरायचे नाहीत. "मग जोडणीचे प्रयत्न मोजू," असं कोणीतरी सुचवतंच. तेही सरळ नाही. जोडणी फसली की फोन आपणहून पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे एकच माणूस चारदा मोजला जातो. प्रयत्नांचा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला, एमबीचा आकडा खऱ्यापेक्षा आकसलेला. खरी मागणी या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

आवाजाच्या जमान्यात हे सोपं होतं. डेन्मार्कच्या एर्लांगने १९१७ मध्ये सूत्र दिलं: कॉल पॉइसन पद्धतीने, म्हणजे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे अवचित, येतात, लाइन रिकामी नसेल तर परत जातात. कॉल सरासरी किती वेळ चालतो एवढंच कळलं की पुरतं. त्या वेळेचं वितरण कसं आहे याची सूत्राला गरजच नाही. टेलिफोन खात्यांनी शतकभर त्यावर भागवलं. डेटाचं तसं नाही. १९९४ मध्ये बेलकोर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या इथरनेट (ऑफिसातल्या तारेच्या नेटवर्कच्या) मोजणीवरून दिसलं, की पॅकेटांची (डेटाच्या छोट्या पुडक्यांची) गर्दी सेकंदात बघा, मिनिटात बघा, तासात बघा, चढउतार तितकेच खडबडीत राहतात. मोठ्या काळाची सरासरी घेतली म्हणून आलेख गुळगुळीत होत नाही. कारण फायलींच्या आकारात आहे. बहुतेक फायली चिमुकल्या, पण एखादी अशी येते की बाकी सगळ्यांचा मिळून जेवढा भार, तेवढा ती एकटी टाकते.

यावरून मांडणीचा नियम निघाला: पॅकेटचं मॉडेल करू नका, माणसाचं करा. माणूस सेशन सुरू करतो, सेशनमध्ये एक पान किंवा क्लिप उघडतो, पानात अनेक छोटे तुकडे असतात, मग तो थांबून वाचतो आणि पुढचं उघडतो. पॅकेटं कशी सुटतील ते टीसीपी किंवा क्विक हे डेटा पाठवण्याचे नियम ठरवतात, तेही त्या क्षणी नेटवर्क कसं आहे ते बघून. पॅकेटांची नोंद जशीच्या तशी दुसऱ्या नेटवर्कवर चालवली, तर जुन्या नेटवर्कची मंदगतीही तिच्यासोबत येते.

२००० नंतरच्या दशकात ३जीपीपी२, आयईईई ८०२.२०, ८०२.१६एम आणि एनजीएमएन या वायरलेस मानकांवर काम करणाऱ्या गटांनी जी प्रमाण मॉडेलं ठरवली ती याच मांडणीची. त्यातलं वेब पानाचं मॉडेल अजून सगळीकडे वापरात आहे, म्हणून ते जरा जवळून बघू. मुख्य भागाचा आकार ट्रंकेटेड लॉगनॉर्मल (बहुतेक लहान, थोडे फार मोठे, आणि टोकाला कापलेलं असं वितरण), सरासरी १०,७१० बाइट. पानातले जोडतुकडे, म्हणजे चित्रं वगैरे, तेही लॉगनॉर्मल, सरासरी ७,७५८ बाइट. जोडतुकड्यांची संख्या ट्रंकेटेड पॅरेटो (जड, म्हणजे हळूहळू ओसरणाऱ्या शेपटीचं वितरण), सरासरी ५.६४, जास्तीत जास्त ५३. वाचायचा वेळ एक्स्पोनेन्शियल, सरासरी ३० सेकंद. पान उलगडायला सरासरी ०.१३ सेकंद.

आता यातली एक जुनी खोच. पॅरेटोची परिमाणं दिलीत ती अशी: आल्फा (शेपटीचा उतार) १.१, के (किमान) २, एम (कमाल) ५५. सरळ या आकड्यांवरून संख्या काढली तर सरासरी ५.६४ येत नाही, ७.६४ येते. कारण निघालेल्या संख्येतून के, म्हणजे २, वजा करायचे असतात. ही ओळ तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात असते आणि तिथेच राहून जाते. दुसरी चूक याहून लपलेली. ५५ च्या वर गेलेली संख्या ५५ वरच आणून ठेवायची असते. काही जण ती टाकून देतात आणि नवी संख्या काढतात. तसं केलं तर २ वजा केल्यावरही सरासरी ४.३७ च्या आसपास अडकते. म्हणजे तक्ता एकच, परिमाणं तीच, आणि तीन माणसांच्या सिम्युलेटरमध्ये (नेटवर्कच्या संगणकावरच्या नकलेत) पानाला ७.६४, ५.६४ किंवा ४.३७ तुकडे. मग "तुमच्या शेड्यूलरपेक्षा आमचा चांगला" असल्या, फोनांत क्षमता वाटणाऱ्या प्रोग्रॅमवरून होणाऱ्या, वादात अर्थ काय? कोड लिहिल्यावर पहिल्यांदा दहा लाख संख्या काढून सरासरी तपासावी. दहा हजारांवर भागवू नये. इतक्या जड शेपटीची सरासरी लवकर स्थिरावत नाही.

बाकीची पटकन. फाइल उतरवणं: सरासरी २ एमबी, कमाल ५ एमबी, दोन फायलींमध्ये सरासरी १८० सेकंद. बोलणं: १२.२ केबीपीएसचा एएमआर (आवाज दाबून पाठवायची पद्धत), दर २० मिलिसेकंदाला एक फ्रेम, बोलणं आणि गप्प बसणं अशा दोन अवस्था; दर फ्रेमला अवस्था बदलायची शक्यता ०.०१, म्हणजे सरासरी दोन सेकंद बोलणं, दोन सेकंद शांतता. (आमच्याकडच्या फोनवरच्या गप्पांना हे प्रमाण कोणी लावून बघावं.) एनजीएमएनच्या मिश्रणात ३० टक्के वापरकर्ते आवाजाचे, २० वेबचे, २० व्हिडिओचे, २० गेमचे, १० फायलींचे. हे मिश्रण २००८ चं आहे. आज ते जसंच्या तसं घेणारा माणूस एकतर आळशी किंवा पेपर छापण्याच्या घाईत.

जुनेपणा किती, ते एका बेरजेत कळतं. मुख्य भाग अधिक ५.६४ जोडतुकडे मिळून पान होतं सुमारे ५४ केबीचं. आज बातम्यांचं साधं पान जाहिरातींसकट सहज दोन एमबीच्या पुढे जातं. तरी मॉडेलची मांडणी शाबूत आहे. सेशन, पान, तुकडे, वाचन हा सांगाडा ठेवायचा आणि आकडे आपल्या भागात मोजलेले भरायचे.

खरा भार आता व्हिडिओचा. जुन्या मॉडेलमध्ये व्हिडिओ म्हणजे दर १०० मिलिसेकंदाला एक फ्रेम, फ्रेमची आठ पॅकेटं, वेग ६४ केबीपीएस. आजचा व्हिडिओ असा थेंबाथेंबाने येत नाही, घागरी भरभरून येतो. समजा क्लिपचा चार सेकंदांचा एक तुकडा आहे. सुरुवातीला फोन पंधरा-वीस सेकंदांचा साठा जमेल त्या वेगाने ओढून घेतो. मग दर चार सेकंदांनी एक तुकडा. वेग पडला की फोन आपणहून ४८० वरून ३६०, तिथून १४४ वर उतरतो. इथेच एमबी मोजणारा फसतो. दाबलेल्या सेलमध्ये तोच माणूस तेवढीच दहा मिनिटं बघतो, एमबी मात्र पाचव्या हिश्शावर येतात. म्हणून मोजायची ती बघितलेली मिनिटं, क्लिप मध्येच सोडण्याचं प्रमाण आणि उत्तम वेग असताना निवडला जाणारा दर्जा. एमबी हे त्या तिन्हींतून आणि नेटवर्कमधून शेवटी बाहेर पडतात. ते मॉडेलच्या आत घालायचे नसतात. रील्समध्ये आणखी एक भर: पुढच्या दोन-तीन क्लिपा आधीच उतरवून ठेवल्या जातात आणि अंगठा सरकला की वाया जातात. तो भार खरा, बघितलेली मिनिटं शून्य.

हिशेब मांडून बघू. १० मेगाहर्ट्झचा एलटीई (४जी) सेल, दर हर्ट्झला सेकंदाला सरासरी दीड बिट धरलं तर १५ एमबीपीएस. ४८० चा व्हिडिओ १ एमबीपीएस धरू; चार सेकंदांचा तुकडा ४ मेगाबिटचा, म्हणजे अर्ध्या एमबीचा. गंमत म्हणजे ३जीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या एफटीपी (फाइल उतरवण्याच्या) मॉडेलमध्ये फाइलचा एक आकार नेमका ०.५ एमबी आहे, त्यामुळे त्या साध्या मॉडेलवर व्हिडिओचा पहिला अंदाज बरा बसतो. दहा जण बघताहेत: सेकंदाला अडीच तुकडे, १० एमबीपीएस, सेल दोन-तृतीयांश भरलेला. क्षमता सगळ्यांत सारखी वाटली जाते असं धरलं तर एका तुकड्याला सरासरी मिळणारा वेग म्हणजे उरलेली क्षमता: १५ वजा १०, ५ एमबीपीएस. तुकडा ०.८ सेकंदात हातात. तेरा जण झाले की २ एमबीपीएस, तुकड्याला दोन सेकंद. चौदावा आला की १ एमबीपीएस, तुकड्याला चार सेकंद. चार सेकंदांचा तुकडा यायला चार सेकंद लागले म्हणजे साठा वाढणं थांबलं. पंधराव्याला चक्री फिरताना दिसणार. दहा ते तेरा कोणाला काही जाणवत नाही आणि पुढच्या दोघांत सगळा खेळ खलास. 'सेल ७० टक्क्यांच्या पुढे गेला की बघा' या सवयीच्या मागे हेच गणित आहे. अर्थात हे सूत्र तुकडे पॉइसन पद्धतीने येतात असं धरतं, पण ठरलेल्या अंतराने येणारे तुकडे तितके विखुरलेले नसतात. तेव्हा हा आकडा अंदाजापुरता, निर्णय सिम्युलेशनवर.

आता आपल्या भागाचे आकडे भरताना काय आडवं येतं ते.

सगळ्यात मोठं विघ्न रोजच्या डेटा पॅकचं. दिवसाला १.५ जीबी किंवा २ जीबी, संपले की ६४ केबीपीएस, रात्री बाराला पुन्हा भरले. युरोप-अमेरिकेच्या मॉडेलांत हा प्रकार नाही. दर माणसाच्या दिवसभराच्या वापराचा हिस्टोग्राम काढला की १.५ वर आणि २ वर खांब उभे दिसतात. त्या खांबातल्या माणसांची खरी भूक माहीतच नसते. 'निदान एवढी तरी' इतकंच कळतं. वैद्यकीय अभ्यासात रुग्ण पाहणीतून मध्येच निघून गेला तर जे कापलान-मायर गणित वापरतात, तेच इथे चालतं. तशा नोंदी कापलेल्या म्हणून खूण करायची आणि वितरण त्या हिशेबाने बसवायचं. सरळ लॉगनॉर्मल बसवलं तर शेपूट आखूड निघते, आणि अमर्याद ५जी पॅक असलेली माणसं त्याच सेलवर वाढली की अंदाज कोसळतो. शिवाय सिम्युलेटरमधल्या प्रत्येक माणसाजवळ 'आज किती उरलं' ही नोंद हवी. नाहीतर संध्याकाळी 'नेट संपलं रे' म्हणणारी अर्धी गल्ली तुमच्या मॉडेलमध्ये अकरापर्यंत पिक्चर बघत बसते.

अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक या ऊसपट्ट्यात वर्षाची सरासरी निरुपयोगी आहे. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं आणि ऊसतोड टोळ्यांच्या खोप्या कारखान्याशेजारी, शिवारात उभ्या राहतात. दिवसा फोन जवळजवळ शांत. अंधार पडला की गावाकडे व्हिडिओ कॉल, आणि अख्ख्या तळाचे फोन एकाच सेक्टरवर. हंगामी आणि बिगरहंगामी अशी दोन मॉडेलं ठेवावीत. बिझी अवरही (सगळ्यात गर्दीचा तास) जिल्ह्याला एकच धरू नये, सेलगणिक काढावा: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला दुपारी जेवणाच्या सुट्टीत, तर तळाशेजारचा रात्री.

बेळगावच्या गणेश विसर्जनाचं दुखणं वेगळंच. मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे रात्रभर सरकत असते आणि गर्दी बघत नसते, दाखवत असते. म्हणजे अपलिंक, फोनकडून टॉवरकडे जाणारा डेटा. प्रमाण मॉडेलं जवळजवळ सगळी डाउनलिंकची, आणि टीडीडी नेटवर्कही (एकच लहर दोन्ही दिशांना आळीपाळीने वापरणारं) तसंच आखलेलं. त्यातल्या कॉन्फिगरेशन २ या वाटणीत दहा सबफ्रेमपैकी (वेळेच्या कप्प्यांपैकी) दोनच अपलिंकच्या. २० मेगाहर्ट्झच्या एलटीई सेलला १६-क्वॅमवर (एका वेळी चार बिट पाठवणाऱ्या पद्धतीवर) अपलिंकचा कमाल वेग कागदावरच १० एमबीपीएसच्या आसपास. २ एमबीपीएसचे पाच लाइव्ह झाले की कागदही संपला. त्यात फोनची ताकद २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉट, आणि गर्दीत माणसांची अंगं मध्ये. अशा रात्रीसाठी मॉडेलमध्ये लाइव्ह, स्टेटस आणि फोटो पाठवणं हे तीन वेगळे वर्ग हवेत. लाइव्ह थांबून चालत नाही, स्टेटस दहा मिनिटांनी गेलं तरी चालतं.

छोट्या निरोपांचा भार एमबीत दिसतच नाही. दोनशे बाइटच्या निरोपासाठी फोन झोपेतून उठतो, जोडणी होते, निरोप जातो, आणि मग दहाएक सेकंदांचा टायमर संपेपर्यंत जोडणी अडून राहते. मॉडेलमध्ये बाइटांबरोबर 'किती वेळा उठला' हेही हवं. जत्रेत कितीतरी वेळा सेल आधी तिथे अडतो.

खानापूरकडे, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, आणखी एक फसवणूक. टॉवरला मागून जोडणारी मायक्रोवेव्ह लिंक (बॅकहॉल) १५ किंवा २३ गिगाहर्ट्झची असेल तर जोराच्या सरीत ती मंदावते. सेलवर वापर कमी दिसतो, पीआरबीही मोकळे दिसतात, आणि वरची तीन लक्षणांची चाचणी गप्प बसते. निष्कर्ष निघतो, 'पावसात लोक नेट कमी वापरतात.' घरात अडकलेली माणसं कमी वापरतील होय? बॅकहॉलचे काउंटर शेजारी लावून बघितल्याशिवाय जुलै-ऑगस्टच्या नोंदी घेऊ नयेत.

आणि सीमा. आपल्याकडे सीमेवरून वाद माणसांचे. टॉवरला सीमा फक्त सर्कलची (टेलिकॉम परवान्याच्या विभागाची) कळते. एकाच कंपनीचा नेटवर्क कोड कर्नाटकात वेगळा, महाराष्ट्रात वेगळा. दोन राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळीजवळ फोन घरचं नेटवर्क हातातून सुटेपर्यंत धरून ठेवतो. रोमिंगवर गेला तरी ठरावीक वेळाने, सहा मिनिटांच्या पटीत, घरचं नेटवर्क मिळतंय का ते शोधत राहतो. महामार्गालगतच्या सेलवर सिग्नलिंग (जोडणीच्या निरोपांची ये-जा) जास्त आणि डेटा कमी दिसला तर आधी हे तपासावं. रोमिंगवाल्याचा डेटा घरच्या सर्कलच्या गेटवेतून फिरून येत असेल तर फेरीचा वेळ वाढतो. लहान फायलींना ते जास्त जाणवतं, कारण टीसीपीला वेग पकडायला फेऱ्या लागतात. म्हणून मॉडेलमध्ये घरच्या सर्कलचे आणि रोमिंगवाले असे दोन वर्ग ठेवावेत.

याच गोष्टीचा सौंदत्तीला फायदा होतो. आयएमएसआयच्या, म्हणजे सिमच्या ओळख-क्रमांकाच्या, सुरुवातीच्या आकड्यांवरून सिम कुठल्या सर्कलचं ते कळतं, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेले भाविक दर पंधरा मिनिटांना किती, याचा वेगळा आलेख निघतो. (क्रमांक झाकूनच काम करावं, इथे मोजणी हवी, माणूस नको.) हा आलेख सपाट होत नाही, कारण सेल भरला तरी फोन नेटवर्कवर नोंद ठेवून असतो. माणसांची संख्या इथून घ्यायची. एका माणसाच्या सवयी, म्हणजे मिनिटं, क्लिपा, निरोप, शांत सेलवरून घ्यायच्या. शक्यतो त्याच पाहुण्यांच्या, वाटेवरच्या मोकळ्या सेलवरच्या.

मग पडताळणी. सिम्युलेटरला आधी त्या दिवशी होती तेवढीच क्षमता द्यायची: तेच सेल, तेच पीआरबी, तोच बॅकहॉल. पहिली काही मिनिटं टाकून द्यायची, कारण सुरुवातीला सगळा सेल रिकामा असतो. निदान दहा वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक संख्यांच्या सुरुवातीच्या आकड्यांवर) चालवायचं. जड शेपटीत एका धावेवर भरवसा नको. केएस चाचणी (मोजलेलं आणि मॉडेलचं वितरण जुळतं का ते बघणारी) पास झाली म्हणून खूश होऊ नये, ती मधल्या भागाकडे बघते आणि भांडण शेपटीत असतं; लॉग-लॉग कागदावर शेपूट डोळ्यांनी बघावी. सिम्युलेटरमधूनही तसाच सपाट आलेख निघायला हवा, त्याच उंचीवर, त्याच सुमारास टेकणारा, आणि दर फोनाचा वेगही तसाच पडणारा. उंची जुळली आणि वेग जुळला नाही, तर माणसांची संख्या किंवा दर्जा उतरण्याचा नियम चुकलाय. दोन्ही जुळेपर्यंत पुढे जायचं नाही.

जुळलं, की क्षमतेवरची मर्यादा काढून तोच दिवस पुन्हा चालवायचा. सपाट भागाच्या वर जो डोंगर उभा राहतो तो मोजून घ्यायचा, आणि पुढच्या पौर्णिमेला चाकांवरचा टॉवर एक मागवायचा की तीन, ते त्याच्यावरून ठरवायचं.